शिंगआळीतले रीतसर मेलेले

रादको ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्या गुरुवारी मेला. त्याच्यावर रीतसर अंत्यविधी झाला आणि तो चांगला मुलगा होता हे आळीने एकदाचं बोलून टाकलं.

ते सोडून द्या. असं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण त्या गुरुवारी सकाळी रादको आपल्या दारात बसून फणी कोरत होता, आणि मेलेला माणूस फणी कोरत नाही. निदान तोपर्यंत तरी नोव्हगोरोद शहरात तशी पद्धत नव्हती.

शिंगआळीत सगळे शिंगाहाडाचं काम करणारे. फण्या, सुया, सुऱ्यांच्या मुठी. आदल्या वर्षी क्रुसाच्या सणाला अवेळी हिम पडलं, भाकरीची उभी राय शेतात काळी पडली आणि दुष्काळ आला. आळीच्या धंद्याचं मात्र विचित्रच झालं. लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री, मग मांजरं, आणि उरलेली हाडं शिंगआळीत आणून टाकली. एवढा कच्चा माल रादकोच्या बापाने उभ्या जन्मात पाहिला नसेल. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. उपाशी माणसाला भांग पाडायची हौस राहत नाही. रादको तरीही कोरत बसे, कारण हात चालू असले की पोट जरा वेळ गप्प बसतं. शिवाय कोरताना पडलेली हाडाची पूड लिंडनच्या झाडाच्या सालीच्या पिठात मिसळता येई. त्या भाकरीला चव नव्हती, पण चावायचं काम मात्र भरपूर होतं.

माणसं मरत होती. रोज सकाळी झाविद आपली घसरगाडी घेऊन आळीतून जाई आणि दारादारांतून माणसं उचलून गावाबाहेरच्या मोठ्या खड्ड्याकडे नेई. नाताळाच्या आधी त्याने रादकोच्या आईला नेलं. रादकोने तिचे केस नीट विंचरून दिले होते. त्यानंतर आळीतली दर तिसरी कडी आतून लागेनाशी झाली, आणि लोकांनी एकमेकांना ‘कसा आहेस’ असं विचारणं सोडून दिलं. त्याऐवजी ‘आहेस का’ असं विचारत.

“आहेस का?” रादकोने समोरच्या दारात डोकावून विचारलं.

“आहे,” नेझका आतून म्हणाली. “आत्यालाही विचार, नाहीतर तिला राग येतो.”

“मी पण आहे!” मिकुलिना आत्या चुलीमागून ओरडली. “आणि तू कशाला आलायस ते मला ठाऊक आहे. लग्नाचं विचारू नकोस. उपासात लग्न लागत नाही.”

रादको आणि नेझका यांचं लग्न पानगळीत व्हायचं होतं. तेव्हा हिम पडलं. मग नाताळानंतर ठरलं, तर रादकोची आई गेली. मग मोठा उपास लागला. आळीत सगळेच पाच महिने उपाशी होते, पण तो उपास धरला जात नसे. हा ठरावीक तारखांचा होता, म्हणून खरा.

रादको लग्नाचं विचारायला आलाच नव्हता. तो नेझकाच्या पायांशी बसला आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत राहतो तसा. आईच्या पायावर असाच खळगा राहिला होता, आणि त्यानंतर बारा दिवसांनी झाविद आला होता.

“काय बघतोस एवढं?” नेझका म्हणाली. “कधी नव्हे ते माझे पाय भरलेत. सुखवस्तू घरातली दिसते की नाही?”

“अगदी बोयार सरदाराची लेक,” रादको म्हणाला, आणि बाहेर आला.

तिला खरं धान्य हवं होतं. साल नको, शेवाळ नको, पेंढा नको. पंधरा दिवस वाटी-वाटीभर खरं धान्य.

आणि गंमत अशी की खरं धान्य आळीतच होतं. आळीच्या टोकाला छोटं लाकडी देऊळ होतं, त्याच्या तळघरात गव्हाची नऊ पिंपं आणि मधाचे दोन हंडे होते. ते इरिनिया नावाच्या श्रीमंत म्हातारीने मरताना ठेवले होते. जिवंत माणसांशी तिचं उभ्या आयुष्यात पटलं नव्हतं. तिने सांगून ठेवलं की आळीत कोणीही मेलं की त्याच्या नावाने चाळीस दिवस रोज वाटीभर गव्हाची गोड खीर करायची, कारण आत्मा चाळीस दिवस घराभोवती घोटाळतो आणि त्याला भूक लागते. जिवंत माणसाच्या तोंडात मात्र त्यातला एक दाणा जाता कामा नये. आळीतल्या प्रत्येकाने, पुरोहित फेओदूलसकट, क्रुसाचं चुंबन घेऊन तशी शपथ वाहिली होती. ते सुकाळाचे दिवस होते. सुकाळात माणूस वाट्टेल ती शपथ वाहतो.

त्यामुळे फेओदूल रोज मूठ-मूठ गहू शिजवी, मध घाली आणि वाट्या खड्ड्याच्या कडेला ओळीने मांडून येई. कावळ्यांनी खायला हवी होती, पण कावळे आळीने नोव्हेंबरातच खाल्ले होते. खीर तिथेच गोठून दगड होई. शंभर उपाशी माणसं तिच्याकडे बघत उभी राहत आणि घरी येऊन पेंढा उकळत. एकाने एकदा बोट घातलं होतं, तो संध्याकाळी मेला. तो तसाही मरणारच होता, पण आळीने ते खिरीच्या माथी मारलं.

रादको बाहेर आला तेव्हा झाविदची घसरगाडी समोर उभी होती. घोडा खाल्ल्यापासून झाविद ती स्वतःच ओढत असे. तो कोणाच्या तरी घरात गेला होता. गाडीत तळाला पेंढा अंथरलेला होता आणि तो बऱ्यापैकी पिवळा होता. नेझकाला उकळून देता येईल म्हणून रादको गाडीत चढला, आत पडलेल्या मयतांची माफी मागून दोन मुठी पेंढा गोळा केला, तेवढ्यात त्याला भोवळ आली. क्षणभर टेकावं म्हणून तो टेकला. पेंढा मऊ होता. त्याला झोप लागली.

झाविद बाहेर आला, रादकोकडे बघून म्हणाला, “अरेरे, हाही गेला. काल तर उभा होता,” आणि दोर खांद्यावर घेतला.

जागा झाला तेव्हा रादकोच्या हातात कोणीतरी गार असं काही कोंबत होतं. ती भूर्जाच्या सालीची पट्टी होती. मेलेल्याचे सगळे गुन्हे माफ झाल्याचं त्यावर लिहिलेलं असतं, आणि देवाच्या दारात ती दाखवायची असते. वर फेओदूलची दाढी हलत होती. तो शेवटची ओळ म्हणत होता. ती रादकोला लहानपणापासून पाठ होती, म्हणून सवयीने तोही म्हणाला, “आमेन.”

फेओदूल थांबला. “आमेन म्हणणं हे तुझं काम नाही,” तो म्हणाला. “तू मयत आहेस.”

“बाबा, मी जिवंत आहे!”

“हे आधी सांगायचं होतंस.”

“मी झोपलो होतो!”

“झोपायची जागा तरी बघ लेका!” झाविद घाम पुसत म्हणाला. “मी तुला पूल ओलांडून ओढत आणलंय. उगाचच? सांगा की बाबा ह्याला.”

फेओदूल कडेला बसला. तो इतका बारीक झाला होता की झगा बसला आणि तो मागून बसला. “विधी पुरा झालाय रे,” तो म्हणाला. “नाव घेऊन झालाय. माती टाकून झालीय. तुझ्या हातात पट्टी आहे. आता परत कसा घेऊ?”

“उलटा म्हणा.”

फेओदूल प्रामाणिक माणूस होता. त्याने उलटा म्हणून पाहिला. तीन ओळींत त्याची जीभ अडकली आणि झाविदला उचकी लागली, तेव्हा तो थांबला. “नाही जमत. देवाच्या दृष्टीने तू मेलायस, रादको. तुझ्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही.”

रादको उठून बसला. समोर वाट्यांची ओळ होती. अगदी शेवटची वाटी अजून वाफाळत होती.

“ती शेवटची कुणाची?” त्याने विचारलं.

“तुझीच की,” फेओदूल म्हणाला. “आज गेलेल्यांपैकी शेवटची.”

रादकोने वाटीकडे पाहिलं, मग हातातल्या पट्टीकडे. मग रादको हळूच म्हणाला, “बाबा, मी मेलोय ना?”

“मेलायस. मी स्वतः गायलोय.”

“नक्की?”

“अरे माझा आवाज बसलाय अजून!”

“मग खीर खाऊ?”

फेओदूलने दाढी ओढली. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग झाविदकडे. झाविद चटकन दुसरीकडे बघू लागला. “शपथ जिवंत माणसाबद्दल होती,” फेओदूल शेवटी म्हणाला. “आणि ज्याची खीर त्याने यापूर्वी कधी मागितली नाही, हा काही माझा दोष नाही.” आणि त्याने झग्यातून लाकडी चमचा काढून दिला.

रादकोने तीन चमचे खाल्ले. त्यानंतर त्याला रडू आलं, कारण गहू गव्हासारखाच लागत होता. उरलेली वाटी कपड्याखाली धरून तो पळत सुटला. मागून झाविद ओरडत राहिला, “जाताना चालत जातोय बघा! येताना मात्र गाडी पाहिजे!”

नेझकाने वाटीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून वास घेतला. मग वाटी परत केली.

“मी नाही खाणार.”

“अगं, ती माझीच आहे! मी मेलोय!”

“तू मेलायस. मी कुठे मेलीय? मी क्रूस चुंबलाय, रादको. माझ्या तोंडाने.”

“तुझे पाय बघ जरा!”

“पाय माझे आहेत, तोंडही माझंच आहे.”

मिकुलिना आत्या चुलीमागून बाहेर आली. तिने रादकोभोवती एक फेरी मारली, त्याचा कान ओढून पाहिला आणि म्हणाली, “मेला म्हणे. गरम आहे की.” मग तिने वाटीत डोकावलं आणि तिचा घसा हलला. पण तीही मागे सरली. शिंगआळीत लोक एकमेकांना फसवत, नवऱ्याला फसवत, बाजारात तर सगळ्यांनाच फसवत. क्रूस मात्र कोणी फसवला नव्हता.

“मग तूही मर,” रादको म्हणाला. “बाबा येतील, गाणं म्हणतील, पट्टी देतील. झोपून राहायचं फक्त. मी केलंय, काही दुखत नाही.”

“आणि लग्न?” नेझका म्हणाली.

“लग्न मग बघू.”

“मग कसं बघणार? मेलेल्यांचं लग्न लागतं का? मी लग्नाआधी मरणार नाही, सांगून ठेवते. पानगळीपासून थांबलेय मी. आधी लग्न, मग मरण.”

“पण उपासात लग्न लागत नाही ना!”

“मग मी जिवंतच राहणार,” नेझका म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रादकोने सात दिवस सगळे उपाय केले. रोज तो आपली वाटी आणी, रोज ती वास घेऊन परत करी. त्याचे गाल भरत चालले आणि त्याला स्वतःच्या गालांची लाज वाटू लागली. आठव्या दिवशी त्याने तिच्या घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा दुपारपर्यंत राहिला. तिची थट्टाही थांबली होती. तेव्हा तो आत्यासमोर जाऊन बसला आणि पहिल्यांदाच त्याने विनोद न करता सांगितलं, “आत्या, ती खरंच मरणार आहे.”

आत्या सालीचं पीठ कुटत होती. मुसळ हवेतच थांबलं. “कुमारीच मरणार,” ती पुटपुटली. “म्हणजे सगळं करावं लागणार. पांढरा सदरा, डोक्यावर मुकुट, हातात अंगठी. नवरदेव उभा करावा लागणार…”

ती थांबली. रादकोने तिच्याकडे पाहिलं. तिने रादकोकडे पाहिलं.

“अरे शिंगाड्या!” आत्या ओरडली आणि मुसळ फेकून उठली. “नेझके! ऊठ! तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय? कुमारी मुलगी मेली की तिचं लग्न लावूनच तिला नेतात! माझ्या आईच्या आईपासून रीत आहे! आळीतलाच एक पोरगा नवरदेव म्हणून बाजूला उभा करतात, पाहुणे येतात, आहेर येतो! उपासात लग्न लागत नसेल, पण अंत्यविधी लागतो की नाही?”

नेझकाने मान वळवली. “नवरदेव कोण?”

“मी,” रादको म्हणाला.

“तू तर मेलायस.”

“उलट बरंच आहे,” आत्या म्हणाली. “नाहीतर तो बिचारा नवरदेव पुढे जन्मभर विधुर म्हणून फिरतो. हा तुझ्याबरोबर तिकडेच असेल. जोडा जमला.”

नेझकाने थोडा विचार केला. “मुकुट कुणाचा घेणार?” तिने विचारलं, आणि रादकोला कळलं की हिने होकार दिला.

शनिवारी दुपारी नेझका मेली. त्या वर्षात शिंगआळीत एवढा चांगला समारंभ झाला नव्हता. सगळी आळी जमली. बायकांनी आधी लग्नाची गाणी म्हटली, मग रडण्याची, आणि मध्ये कुठे थांबायचं ते न कळल्याने काहींनी दोन्ही एकदम म्हटली. नेझका फळीवर पांढऱ्या सदऱ्यात, भूर्जाच्या डहाळ्यांचा मुकुट घालून पडली होती आणि एका डोळ्याने कोण कोण आलंय ते बघत होती.

“मयताने डोळे मिटावेत,” फेओदूल म्हणाला.

“नवरीने बघितलं तर चालतं,” आत्या म्हणाली.

फेओदूलला या सगळ्यात कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण त्याने मनात पुन्हा पुन्हा तपासलं आणि प्रत्येक गोष्ट रीतीला धरूनच निघाली. रादकोने तिच्या बोटात हाडाची अंगठी घातली. आमेन झालं. नेझका उठून बसली, मुकुट नीट केला आणि म्हणाली, “आता आण ती वाटी.”

ती खात होती आणि आळी बघत होती. एवढी माणसं इतक्या आवडीने कुणाचं जेवण बघत असतील असं वाटत नाही. तिचा शेवटचा चमचा झाला तेव्हा मागच्या रांगेतून सुईवाल्या म्हाताऱ्याने खाकरून विचारलं, “बाबा, सोमवारी तुम्हाला वेळ आहे का? नाही म्हटलं, मलाही जरा मरायचं होतं.”

सोमवारी बारा जण मेले. मंगळवारी पूर्ण उत्तरेची बाजू. झाविद म्हणाला की मी इतक्यांना ओढून नेलंय की मला आता कोणीतरी ओढून न्या, म्हणून त्याला त्याच्याच गाडीत घालून, आळीला एक फेरी मारून, मग मारण्यात आलं. मिकुलिना आत्या सगळ्यात शेवटी, तीनदा रडून, सगळ्यांची माफी मागून मेली आणि लगेच म्हणाली की खिरीत मध कमी आहे.

राहता राहिला फेओदूल. आळीत तो एकटाच जिवंत उरला होता आणि सगळ्यांना त्याची फार दया येई. “बिचारा,” बायका वाट्या चाटत म्हणत. स्वतःवर स्वतः विधी कसा करणार? शेवटी एका सकाळी त्याने सगळ्या मयतांसाठी एक मोठी प्रार्थना म्हटली, लांबलचक, नावानिशी, आणि अगदी शेवटी काहीतरी भरभर पुटपुटला. काय पुटपुटला ते कोणाला ऐकू आलं नाही. पण दुपारी तो चमचा घेऊन रांगेत उभा होता, आणि आळीने त्याला पुढे जागा दिली.

खरं मरण त्यानंतरही आळीत आलं. दोन म्हाताऱ्या आणि झाविदचा भाऊ यांना खीर उशिरा मिळाली. आळीने त्यांचा विधी दुसऱ्यांदा केला नाही, नुसती त्यांच्याजवळ बसली. पण बाकीच्यांच्या पायांची सूज उतरू लागली. पिंपांचा तळ दिसायला आणि व्होल्खोव नदीचा बर्फ फुटायला एकच गाठ पडली, आणि फुटलेल्या बर्फातून समुद्रापलीकडच्या जर्मन व्यापाऱ्यांच्या नावा राय आणि पीठ घेऊन आल्या. घंटा वाजल्या. शिंगआळीचे सगळे मयत धक्क्यावर धावत गेले.

ईस्टर झाल्यावर पहिल्याच सोमवारी रादको आणि नेझका हात धरून फेओदूलकडे गेले.

“बाबा,” रादको म्हणाला, “उपास संपला. आता आमचं लग्न लावा.”

“तुमचं लग्न लागलेलं आहे,” फेओदूल म्हणाला. त्याचा झगा आता त्याच्याबरोबरच बसत होता.

“मग मी त्याची बायको झाले ना?” नेझकाने विचारलं. “परवा विहिरीवर पलीकडच्या आळीतली एक बाई मला म्हणाली, कुणाच्या घरात राहतेस ग तू?”

फेओदूल अस्वस्थ झाला. “बायको झालीस. पण ते लग्न मयताचं. ते परलोकात चालतं, इथे नाही.”

“मग इथलं लावा.”

“मेलेल्यांचं इथलं लग्न लावता येत नाही.”

“मग आम्हाला आधी जिवंत करा!”

“तो विधी शुभवर्तमानात मेलेल्या लाझारसवर एकदा झालाय,” फेओदूल हताशपणे म्हणाला. “पण करणारा माझ्याहून फार वरच्या दर्जाचा होता. मी साधा आळीतला पुरोहित. हे माझ्या हातात नाही, पोरांनो. धर्माध्यक्षांना लिहा.”

नेझकाने रादकोकडे पाहिलं. ती हसायच्या बेतात होती, पण हसली नाही. “नाताळाच्या आधी बाळ होईल मला,” ती म्हणाली. “त्याला बाप मेलेला चालेल. पण आईबापाचं लग्न कुठेतरी लागलेलं असायला हवं.”

तेव्हा रादकोने भूर्जाची एक मोठी, गाठी नसलेली साल सोलून आणली, ती उकळून मऊ केली आणि टोकदार हाडाने तिच्यावर कोरलं:

“नोव्हगोरोदच्या धर्माध्यक्ष महाराजांच्या चरणी, शिंगआळीतील रीतसर मयत झालेल्या सर्व रहिवाशांचा, आणि विशेषतः रादको फणीवाला व त्याची परलोकातील पत्नी नेझका यांचा, जमिनीला डोकं टेकवून नमस्कार. अर्ज करण्यास कारण की, आमचे मरण सर्व विधींसह झाले असून त्यात कोणतीही उणीव राहिलेली नाही, ती राहावी अशी आमची मागणीही नाही. तथापि उभयतांचा विवाह केवळ परलोकातच ग्राह्य धरला जातो, आणि उभयतांना तूर्तास तिकडे जाण्यास सवड नाही. सबब नम्र विनंती की, शिंगआळी, देवळापासून नदीपर्यंत, दोन्ही बाजूंची घरे, विहीर व मिकुलिना आत्याचे न्हाणीघर धरून, ही परलोकाच्या हद्दीत मोडते असा लेखी हुकूम महाराजांनी कृपा करून द्यावा, आणि तो नाताळाच्या आत मिळावा.”